सुमेरचे कालवे कोणी खोदले आणि कशासाठी: एका फिरत्या मजकुराला उत्तर

शिक्षकांच्या गटांपासून शेतकऱ्यांच्या गटांपर्यंत व्हॉट्सॲपवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: "सुमेर, इजिप्त आणि सिंधू खोऱ्यात पाऊस पुरत नव्हता म्हणून माणसाने कालवे खोदले. हे काम गावाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून राजा लागला. कालव्यांतूनच राज्य जन्माला आलं. इजिप्तचा शेतकरी पहिल्यापासून शादूफने नाईलचं पाणी उपसत होता. पाणी आलं आणि पीक भरघोस आलं. सिंधूच्या लोकांनीही कालव्यांचं जाळं विणलं. शेवटी त्याच पाण्याने जमीन खारवली आणि सुमेर संपलं."

यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो. पण सगळं एकत्र वाचल्यावर सिंचनाची जी गोष्ट मनात बसते, ती चुकीची आहे. आजही पाण्याची योजना म्हटली की आधी मोठं बांधकाम, मग चाऱ्या आणि निचऱ्याचं नंतर बघू, असा क्रम आपल्याला नैसर्गिक वाटतो. पहिल्या सिंचनाचा क्रम जवळजवळ उलटा होता. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

"पाऊस पुरत नव्हता म्हणून कालवे आले"

दक्षिण इराकमध्ये, म्हणजे जुन्या सुमेरच्या भागात, वर्षाला साधारण १०० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. निव्वळ पावसावर साधं जवाचं पीक घ्यायचं तरी २०० ते २५० मिलिमीटर लागतो आणि तो दरवर्षी खात्रीने पडावा लागतो. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण जिथे पाऊस पुरत नाही तिथे शेतकरी मुळात जाऊन बसत नाही. पश्चिम आशियातली शेती इ.स.पू. ९५०० ते ८५०० च्या सुमारास सुरू झाली ती डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात, जिथे ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, किंवा जेरिकोसारख्या जिवंत झऱ्याच्या काठी. त्यानंतर दोन-तीन हजार वर्षं लोक पावसावर, झऱ्यांवर आणि ओढ्यांच्या काठच्या ओलीवर शेती करत राहिले. दुष्काळाने पाठ धरली आणि लोकांनी कुदळी उचलल्या, असं चित्र पुराव्यात दिसत नाही.

कालव्याच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी एक चोगा मामी इथे सापडली. हे ठिकाण पूर्व इराकमध्ये मंदलीजवळ, झाग्रोस डोंगरांच्या पायथ्याशी आहे, काळ इ.स.पू. ६००० च्या आसपासचा, समारा संस्कृतीचा. ही जागा वाळवंटात नाही. ती कोरडवाहू शेतीच्या अगदी सीमेवर आहे, जिथे एखाद्या वर्षी पाऊस पुरतो आणि एखाद्या वर्षी दगा देतो. डोंगरातून उतरणारा ओढा तिथे सपाटीला लागून पसरतो, उतार मंद होतो आणि फावड्याने थोडी वाट करून दिली की पाणी आपल्याला हवं तिकडे वळतं. त्याच काळातल्या तेल अस-सव्वान इथे मिळालेल्या जवसाच्या बिया आकाराने मोठ्या आहेत, आणि तेवढ्या मोठ्या बिया पाणी दिलेल्या पिकाच्याच असतात, असं तिथल्या बियांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं. पाणी वळवण्याचा हात इथे, सोप्या जागी बसला आणि मग मैदानात उतरला.

आता मुख्य मुद्दा. पाऊस कमी हेच कारण असतं, तर इजिप्त आणि सुमेर इथे सिंचन सारखंच दिसायला हवं होतं. कैरोला पाऊस तर आणखी कमी, वर्षाला २५ मिलिमीटरच्या आसपास. पिकं तीच: जव आणि एमर गहू. पेरणी दोन्हीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तरी दोन्हीकडची पाण्याची व्यवस्था पूर्ण वेगळी झाली, कारण नद्यांची वेळ वेगळी होती.

नाईलचा पूर इथिओपियाच्या पठारावरच्या मोसमी पावसाने येतो. पाणी जून-जुलैत चढायला लागतं, ऑगस्ट-सप्टेंबरात शिगेला पोचतं आणि ऑक्टोबरात ओसरतं. म्हणजे पेरणीच्या तोंडाशी जमीन भिजून, गाळ पसरून तयार. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांचा पूर टॉरस आणि झाग्रोस डोंगरांवरचं बर्फ वितळून येतो, एप्रिल-मेमध्ये. त्या वेळी शेतात जव पिवळा पडून काढणीला आलेला असतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, पेरणीआधी जमीन भिजवायची तेव्हा, नदी वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीला. सुमेरच्या शेतकऱ्यापुढे दोन कामं होती आणि ती एकमेकांच्या उलट होती: शरदात आटलेल्या नदीतून पाणी शेतापर्यंत आणायचं आणि वसंतात फुगलेल्या नदीला शेताबाहेर ठेवायचं. त्यांची सगळी व्यवस्था, पाट, बांध, पाणी तोंडाशी अडवण्याच्या सोयी, या दुहेरी गरजेतून आली. नदीत पाणी भरपूर होतं. ते अवेळी येत होतं.

"कालवा गावाच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून राजा आला"

हा दावा सर्वांत जास्त पसरला आहे आणि त्याला वजनदार आधारही मिळाला. १९५७ मध्ये इतिहासकार कार्ल विटफोगेल यांनी मांडलं की मोठ्या सिंचनासाठी हजारोंचे हात एका हुकमाखाली आणावे लागतात आणि त्यातून नोकरशाही व एकछत्री सत्ता जन्मते. विचार आकर्षक आहे. पण जमिनीवर जाऊन तपासल्यावर टिकला नाही.

आधी जमीन बघू. दक्षिण मेसोपोटेमियाच्या, म्हणजे टायग्रिस-युफ्रेटिसच्या, मैदानाला उतार जवळजवळ नाही. कित्येक ठिकाणी किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच. अशा मैदानात नदी पुरात काठाबाहेर पडते तेव्हा जाड गाळ काठालगत टाकते आणि बारीक गाळ दूर नेते. शेकडो वर्षांत काठ उंच होत जातात, तळही वर येतो आणि नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहायला लागते. काठाचा उंचवटा बाहेरच्या बाजूला हळूहळू उतरत जातो. या उंचवट्याच्या पाठीवर शेती केली की दोन गोष्टी फुकट मिळतात: काठ फोडला की पाणी आपोआप खाली येतं, आणि उतारामुळे जादा पाणी मागच्या सखल भागाकडे निघून जातं. उंचवट्यावरची माती भरड असते, निचऱ्याची असते. सुमेरची सुरुवातीची शेतं आणि बागा याच पट्ट्यात होत्या. पलीकडच्या सखल, चिकण भागात चराई आणि दलदल.

अशा जागी पहिला पाट काढायला काय लागतं? नदीच्या वळणावर बाहेरचा काठ निवडायचा, कारण आतल्या बाजूला वाळू साचते आणि तोंड लगेच बुजतं. काठात अरुंद खाच पाडायची; रुंद पाडली तर पुरात ती खांड होते आणि नदीच त्या वाटेने निघते. खाचेच्या तोंडाला लव्हाळी, चटया आणि चिखल यांचा बांध घालायचा, जो हवा तेव्हा मोडता येतो आणि परत घालता येतो. मग उंचवट्याच्या पाठीवरून पाट आणि दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारख्या चाऱ्या.

हिशेब मांडून बघा. १ किलोमीटर लांब, १ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल पाट म्हणजे ५०० घनमीटर माती. उर या सुमेरी नगराच्या तिसऱ्या राजवंशाच्या हिशेबाच्या पाट्यांत एका मजुराचं खोदाईचं दिवसाचं माप सुमारे ३ घनमीटर धरलेलं आढळतं. म्हणजे साधारण १७० माणूस-दिवस. वीस माणसांचं आठ-नऊ दिवसांचं काम. या पाटात ४० सेंटिमीटर पाणी सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने वाहिलं, तर प्रवाह सेकंदाला १२० लिटर, दिवसाला १०,००० घनमीटरच्या थोडा वर. एका पाळीला हेक्टरी ८० मिलिमीटर म्हणजे ८०० घनमीटर पाणी द्यायचं आणि तिसरा हिस्सा गळतीत गेला असं धरलं, तरी दिवसाला साडेआठ हेक्टर भिजतं आणि पंधरा दिवसांच्या पाळीत १३० हेक्टरच्या आसपास. एवढी जमीन एका गावाला पुष्कळ होते. यात राजाचं काम कुठेच येत नाही.

पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मॅककॉर्मिक ॲडम्स यांनी १९५० नंतरची काही दशकं मैदान पायी आणि हवाई छायाचित्रांवरून धुंडाळून जुन्या वस्त्या आणि जुने प्रवाह नकाशावर मांडले. सुरुवातीच्या वस्त्या नैसर्गिक प्रवाहांच्या काठाने माळेसारख्या आहेत. सरळ रेषेत खोदलेले, दूरवर जाणारे मोठे कालवे नंतर येतात, राज्यं उभी राहिल्यावर. क्रम उलटा आहे: आधी गावांचे पाट, मग शहरं, मग राजे, मग राजांचे कालवे.

सुमेरबाहेरही हेच दिसतं. पेरूमधल्या साञा खोऱ्यात उतारावरून आणलेले लहान कालवे किमान ५,४०० वर्षांपूर्वीचे आहेत आणि तिथे राज्य तर सोडाच, मोठं शहरही नव्हतं. महाराष्ट्रातच पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. जोर्वे संस्कृतीच्या सुरुवातीच्या थरात, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० या काळात, तिथे सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल चर आणि त्याला समांतर दगड-मातीचा बांध सापडला. घोडेचं पुराचं पाणी वळवून शेतीला वापरण्यासाठी तो होता, असं उत्खनकांचं मत. गावाला मुखिया होता, त्याचं घरही ओळखता आलं. पण मुखिया म्हणजे राजा नव्हे आणि गाव म्हणजे राज्य नव्हे. अलीकडचं उदाहरण धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीचं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून पाट काढून, फडाफडाने एकेक पीक ठरवून, पाटकरी, जागल्या आणि हवालदार नेमून शेतकऱ्यांनी ते शेकडो वर्षं स्वतः चालवलं.

मग राजाचं काम काय होतं? पाट लांबला, दोन गावांचे पाट एकमेकांना भिडले, वरच्याने पाणी अडवलं आणि खालच्याचं वाळलं, की तंटा उभा राहतो. उम्मा आणि लगश या दोन नगरांचा गुएदेना नावाच्या सुपीक पट्ट्यावरून आणि पाण्यावरून चाललेला झगडा इ.स.पू. २४५० च्या आसपासच्या लेखांत कोरलेला आहे. पुढे लगशचा राजा एन्तेमेना याने टायग्रिसकडून कालवा काढल्याची नोंद आहे. शिवाय गाळ. संथ पाण्यात गाळ बसतो, दर वर्षी पाट उपसावा लागतो, काढलेली माती काठावर चढते, काठ उंच होतो आणि पुढच्या वर्षी तीच माती आणखी वर फेकावी लागते. लांब कालव्यात ही उपसणीच मूळ खोदाईपेक्षा जड जाते. तिथे सक्तीच्या श्रमाची गरज पडली आणि तिथे राजसत्ता आत आली.

तरीही बांधाची जबाबदारी शेतकऱ्याचीच राहिली. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतली ५३ ते ५६ ही कलमं वाचा. आपल्या बांधाची डागडुजी करण्यात कोणी आळस केला आणि त्याच्या बांधाला भगदाड पडून इतरांचं पीक वाहून गेलं, तर त्याने धान्य भरून द्यायचं. देता आलं नाही तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकून नुकसान झालेल्यांनी पैसे वाटून घ्यायचे. चारी उघडी ठेवून शेजाऱ्याचं शेत बुडवलं, तर शेजाऱ्याच्या शिवाराच्या मानाने धान्य मोजायचं. पाणी सोडून शेजाऱ्याची मशागत वाहवली, तर दर बुर क्षेत्रामागे, म्हणजे सुमारे साडेसहा हेक्टरांमागे, १० गुर धान्य, आपल्या मापात ३,००० लिटर. हा कायदा एकेका माणसाच्या बांधाबद्दल आणि चारीबद्दल बोलतो. सगळं राजाच्या नोकरशाहीच्या हातात असतं, तर अशा कलमांची गरजच पडली नसती.

राजाने मोठं बांधकाम केलं की पाणी वठणीवर येतं, या समजुतीलाही जुनं उत्तर आहे. कैरोच्या दक्षिणेला हेल्वानजवळ इ.स.पू. २६०० च्या सुमारास सद्द अल-कफरा नावाचं धरण बांधायला घेतलं. उंची १४ मीटर, दगडी तोंड, आत माती-गोट्यांचा गाभा. काम पूर्ण होण्याआधीच पूर माथ्यावरून गेला, मधला भाग धुऊन निघाला. जादा पाणी सोडायला सांडवा नव्हता. त्यानंतर इजिप्तने शेकडो वर्षं असं धरण बांधायला घेतलं नाही आणि तरी तिथली शेती बिनघोर चालू राहिली.

"इजिप्तचा शेतकरी पहिल्यापासून शादूफने पाणी उपसत होता"

शादूफ म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला बादली असलेला तरफेचा दांडा. त्याचं सर्वांत जुनं चित्र मेसोपोटेमियातल्या अक्काडी काळाच्या मुद्रेवर आहे, इ.स.पू. २३०० च्या आसपासचं. इजिप्तमध्ये तो नव्या राज्याच्या काळातल्या थडग्यांच्या चित्रांत दिसतो, म्हणजे पिरॅमिड बांधून हजार वर्षं होऊन गेल्यावर. आणि त्याने कधी धान्य पिकवलं नाही. २० लिटरची बादली मिनिटाला पाच वेळा उपसली तर तासाला ६ घनमीटर. एका माणसाने सलग आठ तास राबून ४८. एका हेक्टरला एक पाळी द्यायला सोळा-सतरा दिवस लागतील. कांदा, भाजीपाला, बाग यासाठी ठीक, गव्हासाठी नाही.

इजिप्तचं धान्य खाचरांवर पिकलं. नाईलचा काठही उंच, त्यामागे नैसर्गिक सखल भाग. नदीला आडवे बांध घालून त्या सखल भागाचे कप्पे पाडायचे. काठ कापून त्यात मातीची तात्पुरती अडवण ठेवायची. ऑगस्टच्या मध्यावर पूर पुरेसा चढला की ती फोडायची. कप्प्यात मीटर-दीड मीटर पाणी भरायचं आणि ४० ते ६० दिवस ठेवायचं. तोवर गाळ खाली बसतो, जमीन खोलवर भिजते आणि मागच्या वर्षीचे क्षार पाण्याबरोबर खाली जातात. मग पाणी खालच्या कप्प्यात सोडत सोडत शेवटी नदीत. ओल्या चिखलात बी फोकून मेंढरं नाहीतर गुरं फिरवली की बी दबतं. त्यानंतर पाणी नाही. मुरलेल्या ओलीवर पीक मार्च-एप्रिलमध्ये हाताशी. आपल्याकडे धरणाचं पाणी मागे सरल्यावर गाळपेर करतात, त्याचाच हा बांध घातलेला, वेळ पाळलेला प्रकार.

यात चुकायला जागा होती. पूर उणा आला की वरचे कप्पे कोरडे. जादा आला की बांध फुटून गावात पाणी. आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते म्हणजे पाणी उशिरा सोडणं: वाफसा उशिरा येतो, पेरणी मागे जाते आणि दाणा भरण्याच्या वेळी उन्हाचा तडाखा बसतो. कार्ल बुट्झर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की ही व्यवस्था कप्प्याकप्प्याने, स्थानिक पातळीवर चालत होती. जुन्या राज्यात, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, सिंचनाचं देशभरचं खातं असल्याचा पुरावा नाही. पालेर्मो शिलेवर राजांच्या वर्षांसोबत पुराची उंची हात, मूठ आणि बोटांत नोंदलेली आहे. फॅरोला पुराची मोजणी हवी होती, आणि तिचा उपयोग त्या वर्षी किती पीक येईल, किती कर बसवता येईल याच्या अंदाजाला होई. पाणी सोडणं हे गावाचं काम.

"पाणी आलं आणि पीक भरघोस आलं"

पाणी देणं हे कौशल्य आहे हे या वाक्यात पूर्ण हरवतं. सुमेरी भाषेत शेतीच्या सूचनांचा एक मजकूर मातीच्या पाट्यांवर टिकला आहे, बाप मुलाला सांगतो आहे अशा थाटाचा. तो पाण्यापासूनच सुरू होतो. शेताला पहिलं पाणी द्यायच्या आधी बांध, चाऱ्या आणि उंचवटे तपास. पाणी शेतात घे, पण फार चढू देऊ नकोस. पाणी उतरलं की ओल्या जागा राखून ठेव, गुरं फिरू देऊ नकोस. मग नांगरट, ढेकळं फोडणं आणि पाभरीसारख्या बी सोडणाऱ्या नांगराने पेरणी: एका निन्दनमध्ये, म्हणजे सुमारे ६ मीटरमध्ये, आठ सऱ्या. दोन सऱ्यांतलं अंतर ७५ सेंटिमीटर झालं. बी दोन बोटं खोल, सारख्या अंतराने.

पुढच्या पाळ्या पिकाकडे बघून सांगितल्या आहेत, तारखेवर नाहीत. रोपं सरीच्या अरुंद तळातून वर आली की एक पाणी. पीक बोरूच्या चटईसारखं दाट दिसायला लागलं की दुसरं. ओंब्या बाहेर पडताना तिसरं. पीक पूर्ण पानावर आलं की मात्र पाणी देऊ नकोस, नाहीतर पानावर तांबेरा पडेल. दाणा भरून टरफल सुटण्याजोगा झाला की आणखी एक पाणी. त्याने धान्याच्या दहा सिलांमागे (सिला हे सुमेरी माप) एक सिला जास्त मिळतो. शेवटच्या पाण्याचा फायदा दहा टक्के, हे इतकं नेमकं लिहून ठेवणाऱ्यांना नुसतं पाणी आणलं की काम झालं असं वाटत असेल, हे शक्य नाही. दारं धरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ही यादी ओळखीची वाटेल.

"सिंधूच्या लोकांनीही कालव्यांचं जाळं विणलं"

सिंधूच्या मैदानात हडप्पा काळातल्या मोठ्या कालव्यांचा पुरावा मिळालेला नाही. गाळाखाली काही गाडलं गेलं असेल, पण असेल यावर जाळं विणता येत नाही. सिंधूचा पूर उन्हाळा-पावसाळ्यात येतो आणि रब्बीच्या आधी ओसरतो, नाईलसारखाच सोयीचा. गहू आणि जव त्या ओलीवर निघत होते. खोदलेला कालवा सापडला तो दूर उत्तर अफगाणिस्तानात शोर्तुगईला, कोकचा नदीच्या पाण्यावर, म्हणजे जिथे पुराची ओल मिळत नव्हती अशा जागी. कच्छमधल्या धोळावीरात मनहर आणि मनसर या ओढ्यांवर बांध घालून पाणी मोठमोठ्या टाक्यांत घेतलं होतं. अप्रतिम काम आहे, पण ते मुख्यतः शहराच्या पिण्या-वापरण्याचं.

"जमीन खारवली आणि सुमेर संपलं"

क्षाराचा धोका खरा होता. लिटरला ०.३ ग्रॅम क्षार असलेलं पाणी आपण गोडंच म्हणू. हंगामात ४०० मिलिमीटर दिलं, तर हेक्टरी ४,००० घनमीटर पाण्याबरोबर १,२०० किलो क्षार शेतात येतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. भूजल वर येऊन मीटर-दीड मीटरवर टेकलं की माती ते केशिकेने वर ओढते आणि पृष्ठभागावर पांढरा थर धरतो. गहू आधी हार मानतो, जव जास्त तग धरतो: गव्हाचं उत्पादन मातीची क्षारता मीटरला ६ डेसीसीमेन्सच्या (हे क्षारता मोजण्याचं एकक) पुढे गेली की घटायला लागतं, जवाचं ८ च्या पुढे.

थॉर्किल्ड जेकबसेन आणि ॲडम्स यांनी १९५८ मध्ये पाट्यांवरच्या नोंदींवरून मांडलं की इ.स.पू. ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळपास सारखे होते, इ.स.पू. २१०० पर्यंत गहू दोन टक्क्यांवर आला, आणि जवाचं उत्पादन इ.स.पू. २४०० च्या हेक्टरी २,५३७ लिटरवरून १७०० पर्यंत ८९७ वर घसरलं. फिरता मजकूर याच आकड्यांवर उभा आहे. पुढचं मात्र कोणी पाठवत नाही. १९८५ मध्ये मार्विन पॉवेल यांनी याच नोंदी तपासून दाखवलं की वेगवेगळ्या जागांची, वेगवेगळ्या मापांची आणि वेगवेगळ्या हेतूंची आकडेवारी एका ओळीत बसवली आहे, आणि क्षार धुऊन काढण्याची रीत शेतकऱ्यांना माहीत होती. उरचं साम्राज्य इ.स.पू. २००४ मध्ये कोसळलं ते पूर्वेकडच्या एलाम राज्याच्या फौजांच्या स्वारीत. आणि ॲडम्स यांच्याच पाहणीनुसार या मैदानात सिंचनाखालच्या जमिनीचा सर्वांत मोठा विस्तार ससानी या इराणी राजवंशाच्या काळात झाला, सुमेरनंतर दोन-अडीच हजार वर्षांनी. कायमची मेलेली जमीन असं करू शकत नाही.

मधली किमया पडीची होती. शेत एक वर्ष पेरायचं, एक वर्ष पड टाकायचं. पडीत शोक आणि आगूल नावाची काटेरी झुडपं माजतात. त्यांची मुळं खोल जातात, खालची ओल शोषतात, भूजल खाली ढकलतात. पुढच्या हंगामात दिलेलं पाणी मग क्षार घेऊन मुळांच्या खाली उतरतं आणि तिथेच मावतं. ही पड मोडली, दरवर्षी पेरा घेण्याची सक्ती झाली, की पाणी चढतं आणि क्षार वर येतात. मॅकग्वायर गिब्सन यांनी १९७४ मध्ये हेच कारण पुढे केलं: कर वाढवण्यासाठी सत्तेने पड मोडायला लावली, तिथे जमीन गेली.

इजिप्तमध्ये नाईल दरवर्षी जमीन धुवून काढत होता आणि पूर ओसरल्यावर भूजल कित्येक मीटर खाली जात होतं, म्हणून हजारो वर्षं ही समस्या उभी राहिली नाही. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, पूर थांबला, बारमाही पाणी आलं आणि भूजल चढलं. तेव्हापासून इजिप्तला लाखो हेक्टरांत जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करावा लागला. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात क्षारपड झालेल्या जमिनीत आज मीटर-सव्वा मीटर खोलीवर टाकतात त्याही याच नळ्या.